तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिक्टर गप्प का बसतो

‘मॅडम, असं कुणी वागतं का हो?’ मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’वर बोलायला उभी राहिले की हा प्रश्न ठरलेला. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई या कादंबरीची बाजू घेते, याचंही नवल असतंच. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन या शास्त्रज्ञाने दोन वर्षं खपून माणूस घडवायचा, त्याने डोळा उघडला की घाबरून पळायचं आणि चक्क जाऊन झोपायचं! पुढे त्याच राक्षसाने धाकट्या भावाचा गळा घोटलाय अशी खात्री असूनही, घरातली निरपराध मोलकरीण जस्टिन त्या खुनासाठी फासावर जाईपर्यंत कोर्टात तोंड उघडायचं नाही. पटत नाही म्हणता. कशाशी ताडून?

प्रेतात विजेने जीव भरता येतो का, हा भाग सोडून देऊ. १८०३ मध्ये आल्डिनी या इटालियन शास्त्रज्ञाने लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला वीज लावली तेव्हा जबडा थरथरला होता, एक डोळा उघडला होता. मेरी शेलीने १८१६ मध्ये लिहायला घेतलं, अठरा वर्षांची असताना. आदल्याच वर्षी तिचं पहिलं बाळ दगावलं होतं आणि शेकोटीपाशी चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं, असं स्वप्न तिने रोजनिशीत टिपून ठेवलं होतं. पण तुमचं भांडण विजेशी नाहीच, व्हिक्टरशी आहे.

माझंही होतं. माझ्या जुन्या प्रतीत जस्टिनच्या खटल्यापाशी समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘अशक्य! मी असते तर ओरडून सांगितलं असतं.’ खाली दोन रेघा.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एक रिफ्लक्स, म्हणजे उकळत्या द्रावणाची वाफ थंड करून पुन्हा फ्लास्कमध्ये उतरवणं, रात्रभर चालू ठेवायचं होतं. खाली फ्लास्क तापत असतो, वर काचेचा कंडेन्सर आणि त्याच्या आवरणातून नळाचं पाणी अखंड फिरत असतं. रबरी नळी कंडेन्सरवर जिथे चढते तिथे तार आवळायची असते, कारण रात्री इमारतीतले बाकीचे नळ बंद झाले की पाण्याचा दाब वाढतो आणि नळी सुटते. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या संध्याकाळी तार सापडेना आणि माझी शेवटची एसटी साडेसातची. मामा (लॅबच्या शिपायांना आम्ही सगळे मामाच म्हणायचो) पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला आले. मी म्हटलं, “आज राहू द्या मामा, सरांना विचारलंय.”

सरांना विचारलं नव्हतं. घरी गेले, जेवले आणि गाढ झोपले.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. लॅबमध्ये घोटाभर पाणी, सुटलेली नळी सापासारखी वळवळत होती. मी नळ बंद केला. आणि मग, हे सांगताना अजूनही जीभ अडखळते, सगळी जुळणी उतरवली, फ्लास्क कपाटात ठेवला, स्टँड भिंतीशी लावला. खालच्या मजल्यावर बॅलन्स रूममध्ये (नाजूक तराजू असतात तिथे) छतातून धार लागली होती. काचेच्या पेट्यांत पाणी साचून बॅलन्स बाद झाले होते.

सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, “मामा, कॉक का बंद केला नाही?” मामांनी माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद असतील. मी ॲप्रनच्या बटणाशी चाळा करत होते. मग ते म्हणाले, “चुकलं साहेब. विसरलो.”

मामा हंगामी होते. माफीनामा लिहून घेतला, अक्षर कारकुनाचं, सही मामांची. पुढच्या जूनमध्ये ते दिसले नाहीत.

जस्टिनही खोटाच कबुलीजबाब देते. पाद्री धर्मबहिष्काराचा धाक घालत राहतो, शेवटी आपण खरंच राक्षस आहोत की काय असं तिला वाटायला लागतं. पूर्वी मला सगळ्यात बनावट वाटलेलं पान हेच.

व्हिक्टरकडे निदान कारण मोठं होतं: सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. माझी परीक्षा सहा आठवड्यांवर होती आणि प्रॅक्टिकलचे गुण सरांच्या हातात. तसं बघितलं तर मामांना कायम करतील अशी लक्षणं नव्हतीच. (हे वाक्य मी बरीच वर्षं वापरलंय.) आरोपीच्या यातना आपल्या यातनांपुढे काहीच नव्हत्या, असं व्हिक्टर वर तोंड करून सांगतो, तेव्हा तुमचं डोकं फिरतं. मला त्या आठवड्यात घास उतरत नव्हता, आणि मामांपेक्षा आपलेच हाल जास्त आहेत असं अगदी मनापासून वाटत होतं.

पेन्सिलवाली मुलगी म्हणेल, तू भित्री निघालीस म्हणून पुस्तक खरं ठरतं का? तिला माझ्याकडे उत्तर नाही. एका लॅबवरून माणसाचा स्वभाव ठरवायला मी कोण?

शिवाय एके ठिकाणी मीही हात टेकते. ‘तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन,’ असं राक्षसाने बजावलेलं. त्याने आजवर मारला तो भाऊ, मारला तो मित्र, व्हिक्टरच्या अंगाला बोट लावलेलं नाही. तरी हा शहाणा लग्नाच्या रात्री नवरी एलिझाबेथला खोलीत एकटी धाडतो आणि स्वतः पिस्तूल घेऊन सरायीच्या बोळांतून हिंडतो, कारण राक्षस येणार तो आपल्यालाच मारायला. माझ्या प्रतीत त्या पानाचा समास कोरा आहे. म्हणजे तेव्हा मला ते पटलं होतं.