रुखवताची गोधडी : १८ फेऱ्या झाल्या, मधला चौक बाकी

माप ८८ × ९६ इंच. पाचवारी सुती साडी मधोमध कापून तिचे दोन तुकडे लांबीच्या बाजूने जोडले की दुहेरी पलंगाचा एक थर होतो. असे चार थर आणि वर ठिगळांचा पाचवा. सहावा घालायचा मोह होतो, पण मग सुई आरपार जाताना अडते आणि टाका मोठा पडतो.

धावदोरा कडेपासून आत येतोय. दोन फेऱ्यांत एक इंच अंतर, इंचाला चार टाके. एकूण फेऱ्या ४४. त्यातल्या १८ झाल्या म्हणजे काम निम्म्याच्या आतच आहे असं वाटतं, पण बाहेरच्या फेऱ्या लांब असतात. उरलेला चौक ५२ × ६० इंचांचा, म्हणजे ७९ मीटर शिवण. २१५ पैकी सुमारे १३५ मीटर झाली. तासाला सात मीटर हा वेग धरला तर साडेअकरा तास लागतील. लग्नघरात रोज दीड तासाहून जास्त हाती लागत नाही, तेव्हा आठ दिवस. घाईपोटी आतल्या फेऱ्यांत अंतर दीड इंच करू नये. तिथले थर सैल राहतात आणि पहिल्याच धुण्यात सरकतात.

आता फुग्याबद्दल, कारण बहुतेक गोधड्या इथेच बिघडतात. बाहेरून आत येताना वरच्या कापडाचा सैलपणा प्रत्येक फेरीबरोबर मध्याकडे ढकलला जातो. दर आठ इंचांवर उभे-आडवे कच्चे टाके असतील तर तो वाटला जातो. ते आधीच उसवले असतील तर शेवटी मध्यभागी सगळा गोळा होतो. सध्या एका बाजूला अर्धा इंच उचललंय. एवढं बोटांनी पुढच्या दोन फेऱ्यांत जिरवता येतं. इंचाच्या वर गेलं तर त्या बाजूच्या तीन फेऱ्या उसवाव्यात. दोरा ओढून बसवलं की चुण्या कायमच्या राहतात. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका, पीळ सुटून तो झिजतो.

दोन्ही घरच्या जुन्या साड्यांचे काठ हवेतच, त्यांच्याशिवाय रुखवतात या गोधडीला अर्थ नाही. पण जुनं रेशीम घडीवर चिरतं. त्याला मागून मलमल लावा, आणि जरीतून सुई न घालता फक्त दुमडलेली कड बारीक टाक्यांनी बसवा. लाल ठिगळं लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याखाली दाबून बघावीत. रंग उतरला तर ते कापड वगळायचं. खण नवा असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्या, नाहीतर तो आटून किनार गोळा होते.

धुणं हळदीच्या चार दिवस आधी. भिजलेली गोधडी एका दोरीवर टाकली तर वजनाने ओघळते, म्हणून दोन समांतर दोऱ्यांवर किंवा खाटेवर पसरायची. त्यानंतर ती हळदीच्या खोलीत नको. तरी डाग पडलाच तर साबणाने तो लाल होईल. घाबरून घासू नका, पाण्याने साबण काढून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, फिकट होतो.

मधल्या १२ × १६ इंचांच्या तुकड्यावर वधूवरांची नावं रिंगवर देठाच्या टाक्याने वेगळी भरून झाली आहेत. तो तुकडा ३० व्या फेरीनंतर बसेल.