शब्दवही, महिना चौदावा : ‘हेन’ अजून एका टिंबावरच

मंडळी, दोन महिने इकडे फिरकले नाही. वही चालू होती, नोंद लिहायला तेवढा मुहूर्त लागत नव्हता. आकडे आधी देऊन टाकते: एका टिंबाचे शब्द २१३, दोन टिंबांचे ४१.

नवीन आलेल्यांसाठी नियम. मी राहते ग्लासगोत, इथं स्कॉटलंडात इंग्रजीसोबत स्कॉट्स भाषाही कानावर पडते. तिच्यातला शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला की एक टिंब. छापलेला चालत नाही. (ग्लासगोतल्या भेटवस्तूंच्या दुकानात मगांवर इतके शब्द छापलेले असतात की वही एका दुपारीच भरेल.) तोच शब्द मी बोलता बोलता वापरला आणि समोरचा हसलाही नाही, ‘काय?’ असंही म्हणाला नाही, तर दुसरं टिंब.

हवेचे शब्द लवकर पिकतात. ‘ड्रीख’ पहिल्याच महिन्यात दोन टिंबांवर गेला. शेवटचा ख आपला नाही, घसा खाकरताना येतो तो. मुळात अर्थ लांबलेलं, कंटाळवाणं. इथल्या पावसाला दोन्ही लागू. कुणालाही म्हणा, मान डोलावतात. पाऊस सगळ्यांचाच असतो.

यावेळी मात्र हाका गोळा करायला घेतल्या. लाडाच्या, रागाच्या, नुसत्या सवयीच्या. सतरा मिळाल्या. दुसऱ्या टिंबाच्या रकान्यात भोपळा.

पहिली अर्थात ‘हेन’. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात बसच्या ड्रायव्हरनं तिकीट देताना ‘देअर ये गो, हेन’ म्हटलं आणि मी मनात म्हटलं, कोंबडी कुणाला म्हणतोस रे? तेव्हापासून कोण कुणाला हेन म्हणतं याचं पान वेगळं ठेवलंय. फक्त बाईमाणसाला म्हणतात, शाळकरी पोरीपासून आजीपर्यंत. पंचविशीतला ड्रायव्हर सत्तरीच्या बाईंना म्हणतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पुरुषांच्या वाट्याला ‘पॅल’ नाहीतर ‘बिग मॅन’. बिग मॅनला उंचीची अट नाही.

पॅलकडे नीट कान द्या. ‘चिअर्स, पॅल’ म्हणजे आभार. ‘लिसन, पॅल’ म्हणजे आता दोन पावलं मागं सरका. मी कोल्हापूरची, मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. ‘काय भावा’ आणि ‘ऐक, भावा’ यांत केवढं अंतर असतं ते रंकाळ्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा.

तर मागच्या महिन्यात धीर केला. कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावर नेहमीची मुलगी होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. सुटे पैसे घेतले आणि म्हटलं, ‘थँक्स, हेन.’ तिचा हात गल्ल्याच्या खणावर थांबला. मग वर बघून ती इतकी मनापासून हसली की मागच्या रांगेतले दोघेही हसले. वाईट कुणालाच वाटलं नाही, पण टिंब गेलं. उच्चार बरोबर होता, वयही बसत होतं. घरी येऊन विचार केला: एखाद्या परदेशी पाहुण्यानं लक्ष्मीपुरीत भाजीवालीला ‘काय गं बाय’ म्हटलं तर ती तरी काय करेल? पदर तोंडाला लावून हसेल आणि चार मिरच्या जास्त टाकेल. (मला मिरच्या मिळाल्या नाहीत.)

तळमजल्यावरच्या आजींना हे सांगितलं. आमची इमारत जुन्या दगडी चाळीसारखी. सगळ्यांच्या जिन्याला आणि बोळाला मिळून ‘क्लोज’ म्हणतात, आणि निम्मी वही या क्लोजमध्येच भरली आहे. त्या म्हणाल्या, नातवंडं झाली की म्हण. बहुतेक गंमतीनं म्हणाल्या. बहुतेक.

त्यांच्याकडूनच ‘बिझम’ मिळाला. मूळ अर्थ झाडू. आगाऊ पोरीला, कजाग बाईलाही म्हणतात. आजी फोनवर नातीला ‘या चीकी वी बिझम’ म्हणत होत्या आणि आवाजात नुसतं तूप होतं. आपण नाही का पोरीला ‘भवानी’, ‘कार्टी’ म्हणत. केरसुणी मात्र आपण कुणाला म्हणत नाही, तिला दिवाळीत हळदकुंकू वाहतो.

त्या वाक्यातला ‘वी’ बघा. पुस्तकात अर्थ ‘छोटं’ आणि तिथंच सगळे फसतात. ‘अ वी कप ऑफ टी’ म्हणत आजी वाडग्याएवढा मग भरून देतात. रक्त तपासायला गेले तेव्हा नर्स म्हणाली, ‘जस्ट अ वी स्क्रॅच, हेन’, आणि सुई चांगली लांब होती. हा वी म्हणजे आपला ‘जरा’, ‘घोटभर’, ‘एवढंसं’. आकार तोच राहतो, फक्त सांगताना धार बोथट होते. हे कळल्यापासून वी माझ्या तोंडात आपोआप बसला, टिंबं दोन.

मधे स्कॉटलंडच्या ईशान्येला ॲबर्डीनला जाऊन आले. तिथल्या बोलीला ‘डोरिक’ म्हणतात आणि तिथं माझी वही परत पहिलीत गेली. प्रश्नाच्या शब्दांत ‘व्ह’चा ‘फ’ होतो: काय म्हणजे ‘फिट’, कुठे म्हणजे ‘फार’, केव्हा म्हणजे ‘फॅन’. बसथांब्यावर एका काकांनी विचारलं, ‘फार अबूट्स आर ये फे?’ म्हणजे कुठली गं तू? मला ऐकू आलं ‘फरी बूट्स’, आणि मी खाली वाकून स्वतःचे बूट बघितले. हा विनोद इतका जुना आहे की त्या शहराला थट्टेनं ‘फरी बूट टून’च म्हणतात. काकांचा दिवस मात्र साजरा झाला.

तिथं मुलगी ‘क्वाइन’ आणि मुलगा ‘लून’. मूल म्हणजे पूर्वेला आणि उत्तरेला ‘बेर्न’, पण ग्लासगोत ‘वेन’. ‘वी’ आणि ‘एन’ म्हणजे एक, दोन्ही चिकटून झालेला, इवलं एक. लाडाचे प्रत्ययही एकावर एक चढतात: लॅस, लॅसी, लॅसिकी. बाळ, बाळू, बाळुकलं. वेनवरून आठवलं, ‘द वेन्स ग्रीटिन’ ऐकून मी एकदा आजींच्या धाकट्या नातवाला हसून हात केला होता. ग्रीट म्हणजे रडणं. पोर आणखी मोठ्यानं रडलं.

‘डू’ म्हणजे कबूतर, आणि ‘मा वी डू’ म्हणजे माझं पाखरू. ग्लासगोत खरी कबूतरं पाळणारे आहेत, मोकळ्या जागांवर पत्र्याचे उंच मनोरे उभे करतात, त्यांना ‘डूकट’ म्हणतात. आपलं कबूतर सोडून दुसऱ्याचं भुलवून आणायचं, असा खेळ. ही हाक अजून एकदाच ऐकली, तीही बसमध्ये पाठमोऱ्या बाईकडून. टिंब दिलंय, पण पेन्सिलीनं.

एक तक्रार नोंदवून ठेवते. ऑफिसात एकानं वही बघून म्हटलं, ही कसली भाषा, बिघडलेलं इंग्रजी आहे. हे म्हणणारा इथलाच. २०२२च्या जनगणनेत १५ लाखांवर लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं लिहिलं, आणि ३० नोव्हेंबर २०२५पासून गेलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेसोबत तिला अधिकृत दर्जाही आहे. पण आजींना शाळेत बाईंना ‘येस’ऐवजी ‘आय’ म्हटलं म्हणून हातावर चामडी पट्टा बसलेला. सरकारी शाळांतून तो पट्टा १९८७ साली गेला. कोल्हापुरात आम्ही मुलीसुद्धा ‘मी आलो’ म्हणतो. पुण्यात कॉलेजला गेल्यावर आठवड्याभरात माझं ‘आले’ झालं. पट्टा लागला नाही, नुसतं हसणं पुरलं. इथंही बघा, ‘आले’च लिहितेय.

आता गेल्या शनिवारचं. क्लोजमध्ये आजींचा मोठा नातू, पाच वर्षांचा, खालच्या पायरीवर गुडघा धरून बसलेला. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. वहीबिही काही डोक्यात नव्हतं, तोंडातून निघून गेलं, ‘व्हिट्स रँग, वी मॅन?’ म्हणजे काय झालं रे, छोट्या? आजी दारातच होत्या, त्यांनी मानही वर केली नाही, चावी शोधत राहिल्या. मी मनात टिंब देऊनही टाकलं. तेवढ्यात पोरानं नाक पुसलं, माझ्याकडे रागानं बघितलं आणि म्हणाला, ‘आयम नो वी.’ मी छोटा नाहीये.

हसला नाही, ‘काय?’ म्हणाला नाही. नियमाप्रमाणे टिंब बसतं. मी सध्या अर्धंच दिलंय. तुम्ही काय केलं असतं, सांगा.