एकसष्टाव्या मिनिटाला

रस्त्याने जाताना समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचण्याची मला जुनी खोड आहे. महामार्गावर एमएच-०९ दिसली की कोल्हापूर आणि ११ दिसली की सातारा हे मनात आपोआप उमटते, आणि घरापासून दूर असताना आपल्या जिल्ह्याचा आकडा दिसला, तर त्या अनोळखी चालकाबद्दल उगाच थोडी आपुलकी वाटते. परिवहन खात्याने कागदावर घातलेला हा आकडा माणसाला इतका का चिकटतो, याचा विचार करताना मला तुर्कस्तानातील एका फुटबॉल क्लबची आठवण होते. काळ्या समुद्राच्या काठावरील ट्राबझॉन या शहराचा हा क्लब, ट्राबझॉनस्पोर. त्याच्या मैदानावर सामन्याचे एकसष्टावे मिनिट सुरू झाले की प्रेक्षक उभे राहतात, मशाली पेटतात आणि घोषणा व गाणी सुरू होतात. गोल झालेला असो वा नसो, संघ जिंकत असो वा हरत असो, त्याने काही फरक पडत नाही. कारण इतकेच, की ट्राबझॉन प्रांताच्या गाड्यांच्या पाट्यांवर ६१ हा आकडा असतो.

हा आकडा मिळवण्यासाठी ट्राबझॉनने काहीही केलेले नाही. तुर्कस्तानात गाड्यांचे क्रमांक ठरले तेव्हा देशात ६७ प्रांत होते आणि त्यांची अकारविल्हे यादी करून अदानाला ०१ व झोंगुलदाकला ६७ देण्यात आला; तोकात साठावा, तुन्जेली बासष्टावा, आणि या दोघांच्या मध्ये ट्राबझॉन. पुढे नवे प्रांत निर्माण झाले, परंतु जुनी यादी न मोडता त्यांना ६८ पासून पुढचे क्रमांक दिले गेले आणि संख्या ८१ वर पोहोचली. एखाद्या नीटनेटक्या कारकुनाने आज सगळी यादी नव्याने अकारविल्हे लावली, तर ट्राबझॉन पंचाहत्तराव्या जागी जाईल. त्या कारकुनाला शहरात चहा मिळणार नाही, हे मात्र नक्की. गंमत म्हणजे सुलतान दुसऱ्या मेहमेदने ट्राबझॉन जिंकून घेतले ते वर्षही १४६१. त्या सालावरून ‘१४६१ ट्राबझॉन’ नावाचा आणखी एक क्लबही शहरात निघाला. एकदा आकडा अंगी लागला की तो इतिहासातही दिसू लागतो.

क्लबच्या जन्माची कथा मात्र इतकी सोपी नाही. १९६०च्या दशकात तुर्की फुटबॉल महासंघाने देशव्यापी दुसरी श्रेणी सुरू केली आणि शहराशहरांतील लहान क्लबांनी एकत्र येऊन आपल्या शहराचा एकच क्लब उभा करावा, असा आग्रह धरला. एस्किशेहिरस्पोर, साम्सुनस्पोर, कायसेरीस्पोर ही शहराच्या नावापुढे ‘स्पोर’ लावलेली नावे त्याच लाटेतली आहेत. ट्राबझॉनमध्ये मात्र घोडे अडले, कारण तिथे इदमानोजाऊ आणि इदमानग्युजू असे दोन जुने क्लब होते आणि त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. ‘इदमान’ म्हणजे व्यायाम, ‘ओजाक’ म्हणजे चूल किंवा घर आणि ‘ग्युच’ म्हणजे बळ. ‘इदमानोजाऊ’ला मराठीत चपखल शब्द शोधायचा तर तो ‘तालीम’ हाच आहे, आणि तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणे म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांनी उद्यापासून आपापले झेंडे गुंडाळून ठेवावेत आणि एकाच जर्सीत शाहू स्टेडियमवर उतरावे, असे कोणी सुचवले तर पेठांमध्ये काय होईल याची कल्पना करून पाहावी. ट्राबझॉनमध्ये तेच झाले. १९६६ साली इदमानग्युजूसह काही क्लबांनी एकत्र येऊन लाल-पांढऱ्या रंगाचा ट्राबझॉनस्पोर स्थापन केला. इदमानोजाऊने त्याला विरोध केला आणि प्रकरण चिघळले. अखेर २ ऑगस्ट १९६७ रोजी इदमानोजाऊ, इदमानग्युजू, कारादेनिझग्युजू आणि मार्तीस्पोर हे चारही क्लब विलीन होऊन आजचा ट्राबझॉनस्पोर जन्माला आला. रंग ठरवताना एकाचा पिवळा-लाल नको आणि दुसऱ्याचा हिरवा-पांढराही नको, म्हणून गडद तांबडा आणि निळा असे दोघांनाही परके असलेले रंग निवडले गेले. कोणाचेच नसलेले ते रंग पुढे साऱ्या शहराचे झाले.

१९७४ साली हा क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला. १९५९ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून तोवरचे प्रत्येक विजेतेपद फेनरबाहचे, गलातासराय आणि बेशिक्ताश या इस्तंबूलच्या तीन क्लबांनीच आपसांत वाटून घेतले होते. इस्तंबूलपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या एका बंदराच्या गावाने पहिल्या श्रेणीतील आपल्या दुसऱ्याच मोसमात, म्हणजे १९७५-७६ मध्ये, ही वाटणी मोडली. एकदा मोडली असती तर तो योगायोग म्हणून इस्तंबूलकरांनी सोडून दिला असता. परंतु १९८३-८४ पर्यंतच्या नऊ मोसमांत ट्राबझॉनस्पोरने सहा वेळा लीग जिंकली. ‘काळ्या समुद्राचे वादळ’ हे बिरुद त्यांना उगाच मिळालेले नाही. या संघाचा कणा स्थानिक पोरांचा होता, आणि मला त्या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत लोभस वाटतो. गोलरक्षक शेनोल ग्युनेश हा ट्राबझॉनचाच. १९७८-७९ च्या मोसमात त्याने सलग १११० मिनिटे चेंडू जाळ्यात जाऊ दिला नाही, म्हणजे बारा पूर्ण सामने आणि वर आणखी अर्धा तास. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने तुर्कस्तानला २००२ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून दिले, आणि समुद्रात भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर क्लबचे नवे मैदान उभे राहिले तेव्हा त्या क्रीडासंकुलाला त्याचेच नाव देण्यात आले.

युरोपातील मोठी नावे या गावात येऊन अडखळली, याच्या आठवणी तिथे अजून चवीने सांगितल्या जातात. ऑक्टोबर १९७६ मध्ये लिव्हरपूल तिथे आला आणि जेमिल उस्ताच्या पेनल्टीवर १-० असा हरून परतला. दोन आठवड्यांनी आपल्या घरी त्याने ३-० अशी परतफेड केली आणि त्या मोसमात युरोपियन कपही जिंकला, हे खरे. तरी आधी ट्राबझॉनमध्ये तो हरला होता, हेही तितकेच खरे. १९८३ मध्ये इंटर मिलान आणि १९९० मध्ये बार्सिलोना यांचीही ट्राबझॉनमध्ये १-० अशीच गत झाली. बार्सिलोनाने परतीच्या सामन्यात सात गोल घातले. तो सामना तिथल्या आठवणींत फारसा रेंगाळत नसावा.

त्यानंतरची वर्षे मात्र मन कठीण करून सांगावी लागतात. मे १९९६ मध्ये विजेतेपद हाताशी आले असताना फेनरबाहचेने घरच्या मैदानावर येऊन २-१ असे हरवले आणि लीगही नेली. २०१०-११ मध्ये ट्राबझॉनस्पोर आणि फेनरबाहचे या दोघांचेही ८२ गुण झाले, चषक पुन्हा फेनरबाहचेकडे गेला, आणि त्या मोसमातील सामन्यांवरून जे न्यायालयीन प्रकरण उभे राहिले ते कित्येक वर्षे चालले. तो चषक आमचाच, असे ट्राबझॉनचे लोक आजही म्हणतात. त्या वादात परक्याने न पडलेले बरे. दरम्यान २०१० मध्ये बुर्सास्पोरने, म्हणजे १६ क्रमांकाच्या पाटीने, लीग जिंकली आणि इस्तंबूलबाहेरचा एकमेव विजेता हा मानही ट्राबझॉनकडे उरला नाही.

या साऱ्या काळात ट्राबझॉनची माणसे पोटापाण्यासाठी इस्तंबूलला जात राहिली. तिथे गाडीची नोंदणी केली की पाटीवर ३४ येतो, त्याला इलाज नसतो. मग मागच्या काचेवर ६१ चा स्टिकर लागतो. ‘आमच्यासाठी सगळीकडे ट्राबझॉनच’ ही त्यांची आवडती घोषणा आहे, आणि गोल झाला की छोटे सारंगीसारखे केमेन्चे आणि होरोनचा नाच हे दोन्ही कुठल्याही शहरात निघू शकतात.

३० एप्रिल २०२२ रोजी अंताल्यास्पोरशी, म्हणजे ०७ शी, घरच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली आणि अडतीस वर्षांनी लीग पुन्हा ट्राबझॉनला आली. त्या संघात मारेक हामशिक हा स्लोव्हाकियाचा नामवंत खेळाडू होता. त्याच्या पाठीवर १७ हा क्रमांक असे, आणि तुर्कस्तानात १७ म्हणजे चानाक्काले, काळ्या समुद्राशी काही संबंध नसलेला दूरचा प्रांत. पण ट्राबझॉनमध्ये हिवाळाभर ज्या चिमुकल्या मासळीवर घरेदारे जगतात, तिला ‘हाम्सी’ म्हणतात. ज्याच्या आडनावातच हाम्सी आहे, त्याला पाटीचा नंबर कोण विचारणार?