घासणं रोजावर, रंग फुटावर

रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या या हिवाळ्यात रंगवून घेतल्या, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, रंग कुठल्या कंपनीचा? अरे बाबांनो, कंपनीने फरक पडतो पण सगळ्यात शेवटी. बाहेरच्या खिडकीचं निम्म्याहून जास्त काम डबा उघडायच्या आधीचं असतं, आणि नेमकं तेच कोणी नीट करत नाही कारण त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही.

पेंटर रेट देतो स्क्वेअर फुटावर. खरवडणं, घासणं, लांबी भरणं (म्हणजे फटी-खड्डे बुजवणं), प्रायमर, रंगाचे दोन हात, सगळं त्यात धरून. मग तो घासेल कशाला? जेवढं कमी घासेल तेवढे त्याचे सुटतात, हिशोबच तसा आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. म्हणून यावेळी मी सरळ सांगितलं, काका, खरवडणं-घासणं आणि दुरुस्ती रोजावर, प्रायमरपासून पुढचं फुटावर. काका हसले, म्हणाले, "ताई, रोजावर दिलंत तर मी घासतच बसेन." म्हटलं बसा, तेच पाहिजे.

आता आधी मुहूर्ताचं बोलू. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात सगळ्यांना रंगकाम आठवतं, का तर मुलांना सुट्टी आणि चाकरमानी घरी. पण मे मधल्या उन्हात तापलेल्या लाकडावर ऑइल पेंट लावला की वरची साय लगेच धरते, आतला ओलाच राहतो, मग सुरकुत्या नाहीतर फोड. आणि पाऊस संपल्या संपल्या लावावा तर चार महिने पाणी प्यायलेलं लाकूड अजून फुगलेलं असतं, ती ओल बाहेर पडताना रंगाला ढकलूनच पडते. दिवाळीनंतर चांगलं वाळू द्यायचं, डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. त्यातही दव उतरल्यावर सुरुवात करायची, संध्याकाळी लवकर थांबायचं (ओल्या रंगावर दव पडलं की चकाकी गेलीच), आणि ऊन टाळत फिरायचं, म्हणजे पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर. पश्चिमेच्या आमच्याकडे कायम आधी जातात, पावसाचा सगळा मारा तिकडूनच.

सगळा जुना रंग काढायची गरज नसते हे मात्र खरं. जिथे घट्ट बसलाय तिथे तोच उत्तम अस्तर. घट्ट आहे की नाही ते बघायला ब्लेडने फुली मारायची, वर चिकटपट्टी दाबून खसकन ओढायची, रंग पट्टीबरोबर आला तर तो भाग पत्रीने खरवडायचा. आणि खरवडलेल्या जागेची कड पॉलिश पेपरने इतकी उतरवायची की नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. काका डोळे मिटून नख फिरवत होते. ती कड तशीच ठेवली की नवीन रंग तिथूनच उचलतो.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथे उभं लाकूड आडव्यावर बसतं, तिथे जरा दाबून बघायचं. आमच्या एका खिडकीत ते सुरीसारखं आत गेलं, वरून रंग मस्त आणि आत भुसा. अशा ठिकाणी कुजलेलं सगळं पटाशीने काढून वाळवून, मोठं असेल तर सुताराकडून तेवढाच तुकडा बसवून घ्यायचा, लहान असेल तर दोन भाग कालवून करायचं इपॉक्सी फिलर किंवा एम-सील. एक गोष्ट कृपा करून करू नका, भिंतीची व्हाइट सिमेंटवाली पुट्टी लाकडात भरू नका. स्वस्त पडते, लगेच सुकते, म्हणून सर्रास भरतात. लाकूड पावसात फुगतं उन्हात आवळतं, पुट्टी काही हलत नाही, पहिल्याच पावसाळ्यानंतर खपल्या हातात.

काचेभोवतीची लांबी, म्हणजे अळशीचं तेल आणि खडूची पूड मळून केलेली ती जुनी, ती सुटलेली असेल तर काढून नवीन भरायची आणि तिला साय धरेपर्यंत आठवडाभर तरी रंग लावायचा नाही. नंतर रंगवताना ब्रश काचेवर एखाद-दोन मिलिमीटर मुद्दाम जाऊ द्यायचा, लांबी आणि काच यांच्यामधली फट तेवढ्यानेच बंद होते. मास्किंग टेप अगदी लांबीला चिकटवून लावली तर रेघ सुंदर येते आणि पाणीही सुंदर आत जातं.

धुळीबद्दल जरा गंभीरपणे. घरगुती रंगातल्या शिशाला, त्या विषारी धातूला, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या डब्यात काय होतं याची काही खात्री नाही आणि आमच्या खिडक्यांवर तर आजोबांच्या काळापासूनचे थर आहेत, निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. असला रंग सुका घासायचा नाही. पाणी मारून पाणीपेपरने घासायचा, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक, लहान मुलं आणि कुत्रा त्या बाजूला नकोत. ब्लो लॅम्पने जाळून काढणारे आहेत अजून, पण शिसं असेल तर ते धुरातून छातीत जातं, काकांना मी तो आणूच दिला नाही. ओलं घासल्यावर मात्र लाकूड परत खडखडीत वाळेपर्यंत थांबावं लागतं, तिथे घाई नको. समुद्र जवळ असेल तर घासायच्या आधी गोड्या पाण्याने धुवा, खारी पुटं तशीच राहिली तर रंगाखाली ओल खेचतात.

सागवानाचं एक वेगळंच, त्याला स्वतःचं तेल असतं. उघडं लाकूड लागलं की थिनरच्या फडक्याने पुसून लगेच प्रायमर, नाहीतर रंग सुकायला कंटाळा करतो. गाठींवर आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात. गजांना तारेच्या ब्रशने घासून वेगळा मेटल प्रायमर, लाकडाचा गुलाबी तिकडे चालत नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, झडपेची खालची कड. कोणी रंगवतच नाही! दिसत नाही ना. पण लाकडाचे रेषे तिथेच उघडे पडतात, ओघळून आलेलं पाणी त्या कडेला लोंबतं आणि वर चढतं. काकांकडे दाढीचा जुना आरसा होता, फुटक्या कडेचा, तो झडपेखाली धरून ते बघत होते, त्यात ते कोरडं राखाडी लाकूड दिसलं. मग झडपा बिजागरीतून उतरवल्या, वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमर अक्षरशः पाजला, रंगाचे दोन्ही हात तिथेही दिले. उतरवल्याच होत्या तर कडेचे जाड थर रंध्यानं थोडे काढले, कोरड्या दिवसांत बंद झडपेच्या फटीत नाणं सहज फिरलं पाहिजे, नाहीतर जुलैमध्ये खिडकीशी कुस्ती. खिडकीच्या पाटाखाली पाणी गळून पडायला एक बारीक खाच असते, ती जुन्या रंगाने बुजलेली होती तीही मोकळी केली.

राहिला हिशोब. फुटाचं माप म्हणजे नुसती लांबी गुणिले रुंदी नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सरकारी कामाच्या मापात पूर्ण काचेच्या खिडकीला एका बाजूसाठी क्षेत्रफळाला 0.80 ने गुणतात, पॅनेलच्या लाकडी झडपेला 1.30 आणि फळ्याफळ्यांच्या झिलमिलीला 1.80. खाजगीत कोणी एवढं बघत नाही, सगळ्याला एकच रेट, पण मी काकांना हेच धरू म्हटलं आणि काचेच्या खिडक्यांत वाचलेले पॅनेलच्या खिडक्यांत गेले. वाद झाला तो फक्त मागच्या माडीवरच्या झिलमिलीवर. काका म्हणतात 1.80 पण परवडत नाही, एकेक फळी चारी बाजूंनी घासायची, ती पण रोजावरच द्या, रंगासकट. बरोबर आहे त्यांचं. ती पुढच्या डिसेंबरला.