डाव्या खिडकीत समुद्र, उजव्या खिडकीत खाजण

दक्षिण फ्रान्समधलं सेत स्टेशन सुटलं आणि मावशी सीटवरून उठून उभीच राहिली. गाडी आग्दच्या दिशेने निघालेली, डावीकडे मधूनमधून भूमध्य समुद्र दिसतोय, उजवीकडे 'तो' नावाचं मोठं खाजण, त्यात कालवं वाढवायच्या लाकडी चौकटींच्या रांगाच रांगा, आणि या दोन पाण्यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून आमची गाडी चाललीये. मावशीने बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. वाळूचा दांडा आणि त्याच्या मागे अडकलेलं खाजण, ही आकृती तिने फळ्यावर किती वेळा काढली असेल देव जाणे, पण प्रत्यक्षात ती आज पहिल्यांदा बघत होती. "अगं सेतचा तो डोंगर बघितलास ना, ते मुळात बेट होतं! वाळू साठत गेली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं," हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मला ते तितकंच भारी वाटलं. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, पण अख्ख्या बारा दिवसांतला माझा सगळ्यात आवडता तुकडा हाच.

आता मुद्द्याचं. दक्षिण फ्रान्स म्हटलं की लोकांना नीस, कान आणि भरमसाट बिलं आठवतात, म्हणून आम्ही तिकडे गेलोच नाही, पश्चिमेकडचा पट्टा धरला. पाच रात्री नीमला, सहा रात्री पेर्पिन्यांला, दोन्हीकडे छोटं किचन असलेली खोली, आणि रोज सकाळी पाठीला एक सॅक लावून टीईआर म्हणजे तिकडची प्रादेशिक लोकल पकडायची. टीईआरला सीट रिझर्व्ह करायची भानगड नाही आणि तिकीट आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, साधं तिकीट त्याच भावात. टीजीव्ही म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीचं तसं नाही, ते विमानासारखं, उशीर केला की महाग, म्हणून लांबचा टप्पा आधीच बुक केला आणि बाकी सगळं मोकळं ठेवलं. मावशीबरोबर हे फार सोयीचं पडलं कारण तिला एखादं गाव आवडलं की ती हलत नाही, आणि पुढच्या गाडीने गेलो तरी पैसे बुडत नाहीत हे माहीत असल्यामुळे माझीही चिडचिड झाली नाही.

नीमहून एग-मोर्तला जाणारी गाडी सपाट पाणथळीतून जाते. गावाच्या नावाचा अर्थच 'मेलेलं पाणी', म्हणजे साचलेलं. फ्रान्सचा राजा नववा लुई १२४८ मध्ये इथूनच क्रुसेडला म्हणजे धर्मयुद्धाला निघाला, तेव्हा हे बंदर होतं, आता समुद्र काही किलोमीटर लांब आहे. गावाभोवती अखंड तटबंदी आणि तिच्यावरून पूर्ण चक्कर मारता येते, दीड किलोमीटरहून थोडी जास्तच. वरून मिठागरं दिसतात, आणि त्यातलं पाणी चक्क गुलाबी! खूप खारट पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालामुळे तो रंग येतो.

पण मला सांगायचंय ते कोन्स्तांस बुरुजाबद्दल. फ्रान्स तेव्हा कॅथलिक, प्रोटेस्टंट पंथाला बंदी, आणि या गोल जाड बुरुजात प्रोटेस्टंट बायकांना कैदेत ठेवायचे. मारी द्युरांला १७३० मध्ये इथे आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, गुन्हा काय तर भाऊ प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता. ती बाहेर पडली १७६८ मध्ये. अडतीस वर्षं! वरच्या दालनात जमिनीच्या मधोमध एक गोल भोक आहे आणि त्याच्या दगडी काठावर एक शब्द कोरलेला दिसतो, त्याचा अर्थ 'प्रतिकार करा', तो तिनेच कोरला असं मानतात. मावशी तिथे खाली बसली, एवढ्या पायऱ्या चढून गुडघे दुखत होते तरी खाली बसली, आणि त्या अक्षरांकडे बघत राहिली. नंतर बाहेर आल्यावर म्हणाली, "एका वाक्याने सुटली असती ती, 'धर्म सोडला' म्हणाली असती की संपलं." मग स्टेशनपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. एक गाडी समोरून गेली, आम्ही पुढचीने आलो.

खाण्याचं सांगते. दुपारचं जेवण बाहेर हवं असेल तर बारा ते दीडच्या मधे जाऊन बसा, दोननंतर छोट्या गावात बहुतेक ठिकाणी किचन बंद होतं. दुपारचा ठरलेल्या किमतीचा सेट मेन्यू असतो, रात्रीपेक्षा बराच स्वस्त. पाण्याची बाटली मागू नका, 'काराफ द'ओ' म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये फुकट देतात. आणि काहीही विचारायच्या आधी 'बोंज्यूर' म्हणायचंच, थेट प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा बदलतो, मावशीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मग ती प्रत्येक दुकानात इतक्या मोठ्याने बोंज्यूर म्हणायची की लोक हसून उत्तर द्यायचे. बाकी दिवस आमचा ठरलेला डबा म्हणजे बॅगेट, बकरीच्या दुधाचं चीज, टोमॅटो, ऑलिव्ह, पीच. मावशी शाकाहारी, तिला याहून जास्त काही नकोच होतं.

एक दिवस मात्र फसला. साल्सचा किल्ला बघायला रविवारी उतरलो. हा किल्ला स्पॅनिश लोकांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतला, तोफांना तोंड देता यावं म्हणून अर्धा जमिनीत गाडल्यासारखा. तेव्हा स्पेन-फ्रान्सची सरहद्द इथे होती, १६५९ च्या तहानंतर ती दक्षिणेला पिरेनीजच्या डोंगरांत गेली. किल्ला मस्तच, पण परतीची गाडी मी वेळापत्रकाच्या सोमवार-शुक्रवारच्या रकान्यात बघितली होती. रविवारी गाड्या फार कमी. तीन तास, स्टेशनवर माणूस नाही, उघडं दुकान नाही, आणि त्रामोंतान वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. मला मावशीचं वाईट वाटत होतं खूप, तिने नुसती शाल गुंडाळली आणि मला वारा डोंगराच्या फटीतून येताना जोर का धरतो ते समजावलं. तेव्हा प्लीज, उतरण्याआधी परतीची गाडी बघा, आणि वार बघून बघा.

आणि पिवळी ट्रेन! पेर्पिन्यांहून टीईआरने पाऊण-एक तासात व्हिलफ्रांश, तिथून एक मीटर गेजची ही छोटी पिवळी-लाल गाडी पिरेनीजमध्ये चढते. एकूण ६३ किलोमीटर, पहिला टप्पा १९१० मध्ये सुरू झाला. वर तार नाही, रुळाशेजारी तिसरा रूळ, त्यातून वीज, आणि त्या विजेसाठी वर डोंगरात बुइयूझचं धरण बांधलं. काही स्टेशनांवर सांगितलं तरच थांबते. साधारण ४३० मीटर उंचीवरून निघून बोल्केर-एन स्टेशनला १,५९२ मीटरवर पोचते, म्हणजे घाट कसा असेल बघा. वाटेत रेल्वेचा झुलता पूल लागतो, तो ज्या इंजिनिअरने डिझाइन केला तो जिस्क्लार १९०९ मध्ये याच मार्गावरच्या चाचणीच्या वेळी अपघातात गेला. पुलावर गाडी हळू झाली तेव्हा मावशीने हात जोडले. बारा दिवसांतलं हे सगळ्यात महाग तिकीट होतं, पण यावर पैसे वाचवू नका.

कोलिऊरला शेवटचा दिवस. पेर्पिन्यांहून अर्ध्या तासाच्या आत. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि दरें हे चित्रकार इथे रंगवायला आले होते, गर्दी बरीच आहे, पण सकाळी लवकर गेलात तर सगळा किनारा तुमचाच. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो आणि मावशीने हिशेबाची वही काढली. रोजचा खर्च डाव्या पानावर, उजव्या पानावर तिने हाताने काढलेले नकाशे, सेतचा दांडा दोन पानं भरून. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं, 'नीस ते दीन्य, १५१ कि.मी., छोटी गाडी', आणि मला विचारलं, "पुढच्या मे मध्ये रजा मिळेल का गं तुला?"