रुमालामागचा स्टीव्ह

रात्री ओटा आवरला की मी ड्युरँगो किडचा एखादा जुना हॉलिवूडी काउबॉयपट लावते. तासाभराच्या आत खेळ खलास, झोपेचं खोबरं होत नाही.

त्यातला नायक चार्ल्स स्टॅरेट एरवी साधा स्टीव्ह. आडनाव दर सिनेमात नवं, पण स्टीव्ह बहुतेक ठरलेलाच. गुंड माजले की हा काळे कपडे चढवतो, नाकावर काळा रुमाल बांधतो आणि रेडर नावाच्या पांढऱ्या घोड्यावर टांग मारतो, की झाला ड्युरँगो किड. आवाज तोच, उंची तीच, तरी शेरीफला पत्ता नाही! नवरा हसतो. हसू दे.

रुमालाचा खरा फायदा कोलंबिया स्टुडिओला. छपरावरून उडी मारणारा स्टॅरेट नसून स्टंटमन जॉक महोनी आहे, हे झाकलेल्या चेहऱ्यामुळे खपून जातं. (मला कळतं. त्या उडीत जरा जास्तच लवचीकपणा असतो.) पहिला सिनेमा १९४०चा, मग १९४५ ते १९५२ नुसता रतीब. शेवटी शेवटी तर पैसे वाचवायला जुन्याच सिनेमांतले तुकडे जोडलेत. घोडदौड सुरू झाली की मी म्हणते, "हा खडक मागच्या आठवड्यात पाहिलाय."

नवरा आता पेपर बाजूला ठेवून खडक शोधतो.