आक्का यरुशलेमहून आली

सोमवार, रात्री

“काही वाटलंच नाही गं. पाय मात्र फार दुखले.” प्रभू येशूच्या कबरेपाशी काय वाटलं, असं विचारलं तर आक्का एवढं बोलली आणि चहाच्या मागे लागली.

मी काय धरून बसले होते कुणास ठाऊक. निदान तिच्या डोळ्यांत पाणी येईल, एवढं तरी. कबरेच्या रांगेत दोन तास उभी होती म्हणे. आतल्या खोलीत एका वेळी तीन-चार माणसं मावतात. गुडघे टेकतोय न टेकतोय तोच बाहेरून आटपा-आटपा सुरू. “संगमरवरी फरशी आहे, बाकी काय,” म्हणाली. बाकी काय! २०१६ साली दुरुस्तीसाठी ती फरशी सरकवली, तेव्हा कितीतरी शतकांनी खालच्या खडकाला उजेड लागला. मला हे इथे नाना पेठेत बसून पाठ, आणि जी तिथे गुडघे टेकून आली तिला पाय आठवतात.

आणि तो रुमाल. कबरेवरच्या मंदिराच्या दारातून आत गेलं की समोरच एक लालसर दगड आहे. वधस्तंभावरून उतरवल्यावर प्रभूला तिथे ठेवून सुगंधी द्रव्यं लावली, असं मानतात. लोक त्यावर कापडं घासून घरी नेतात. आपल्यात असलं काही नसतं, ठाऊक आहे मला. पाळकसाहेबांना कळलं असतं तर एखाद्या रविवारचा संदेश माझ्यावरच झाला असता. तरी आईचा रुमाल आक्काकडे दिला होता. परत आला तो इस्त्रीची घडीसुद्धा न मोडता. “अगं, पर्समध्ये तळाशीच राहिला.”

आईबद्दल आत्ता नको.

राग आलाय म्हणावं, तर तसंही नाही. मला जे वाटायचं होतं ते मी आक्काच्या हाती पाठवलं होतं, आणि तिने ते वाटेत कुठेतरी ठेवलं, असलं काहीतरी. पण तिने का म्हणून माझं वाटून घ्यावं? तिचे गुडघे, तिचे पैसे, तिची बासष्टी.

आमची नावं २०२३ च्या ग्रुपमध्ये होती. ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं आणि सगळंच राहिलं. पैसे परत मिळाले, ते धाकटीच्या फीमध्ये गेले. तक्रार नाही. (आहे.) आता पुन्हा जमवायचे म्हणजे ह्यांची पेन्शन सुरू होईपर्यंत थांबा, आणि तोवर माझेही पाय आक्काचेच झालेले असणार.

तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबापाशी उतरते तेव्हा शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, “तुमच्यात नसते का गं वारी?” मी सांगते, आमच्यात सक्ती नाही, प्रभू सगळीकडे आहे. उत्तर खरंच आहे. फक्त दिंड्या लोणी काळभोरच्या रस्त्याला लागल्या की ते माझं मलाच कोरडं वाटतं. काकू स्वतः एकदा पंढरपूरला गेल्या होत्या. रांग इतकी, की कळसाला हात जोडून परत आल्या. आल्या त्या मजेत, बुक्का-चुरमुरे वाटत. काय वाटलं, असं त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. मग आक्काच्याच मागे का लागले मी?

निघताना चप्पल घालत होते, तेवढ्यात आक्काला शिडी आठवली. मंदिराच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी अठराव्या शतकापासून उभी आहे. आत सहा ख्रिस्ती पंथ नांदतात, आणि कुठली पायरी कोणी झाडायची, कुठला दिवा कोणी लावायचा, हे जुन्या तुर्की फर्मानांनी ठरलेलं. सगळ्यांच्या संमतीशिवाय काही हलवायचं नाही, म्हणून शिडीही जागची हलत नाही. दाराची किल्ली तर एका मुसलमान घराण्याकडे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे! गच्चीवर इथिओपियाचे साधू राहतात. २००२ च्या उन्हाळ्यात तिथे एका कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती पंथातल्या, साधूने आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, तर एवढी मारामारी झाली की अकराजण दवाखान्यात. हे सांगताना आक्का हसून हसून खोकायला लागली. इतकी हसलेली तिला मी काका गेल्यापासून पाहिली नव्हती.

“आपली पेटी गं!” म्हणाली. आमच्याकडे उपासनेत वाजवायची पेटी वेदीच्या डाव्या अंगाला की उजव्या, यावरून दोन वर्षं कमिटी आणि गायकवृंद एकमेकांशी धड बोलत नाहीत. म्हणजे आम्ही अगदी प्रभूच्या कबरेपासूनची रीत पाळतोय.

रविवारी उपासनेनंतर तिला साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथे काय अनुभवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ती घाबरलीय. सगळ्यांना रडू हवं असणार, आणि तिच्याकडे ते नाही. मी म्हटलं, पायांचं सांग, फरशीचं सांग, खुर्चीचं तर सांगच. कमिटीचे सचिव आणि पेटीवाले समोरासमोरच्या बाकांवर बसतात. मी वर गॅलरीत बसणार आहे, तिथून दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतात.